डॅशिएल हॅमेट : कठोर गुप्तहेरकथेची घडण आणि तिचा वारसा

प्रास्ताविक

रहस्यकथा मराठी वाचकाने भरभरून वाचली; मराठी समीक्षेने मात्र तिची दखल घेताना सदैव हात आखडता घेतला. 'रंजनप्रधान' हे एक विशेषण लावले की त्या वाङ्मयप्रकाराविषयी आणखी काही बोलण्याची गरज उरत नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. एखादा वाङ्मयप्रकार मुळातच हलका असतो, की तो हाताळणाऱ्या लेखकाच्या जीवनदृष्टीवर त्याची उंची ठरते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकन कादंबरीकार डॅशिएल हॅमेट (1894–1961) याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांतून लिहिणाऱ्या या लेखकाने अवघ्या पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्या सर्व 1929 ते 1934 या काळात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला, पण त्याची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. तरीही गुन्हेगारीविषयक कथात्म वाङ्मयाची दिशा बदलणारा लेखक म्हणून त्याचे नाव आज निर्विवादपणे घेतले जाते. हे कसे घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

'हार्ड-बॉइल्ड' ही संज्ञा

हॅमेटच्या लेखनाला 'हार्ड-बॉइल्ड' असे म्हटले जाते. शब्दशः अर्थ घेतल्यास ही संज्ञा घट्ट उकडलेल्या अंड्याची आहे. अमेरिकन बोलीत ती निबर, सहजासहजी न द्रवणाऱ्या माणसाला लावली जाऊ लागली आणि तेथून वाङ्मयात आली. मराठीत तिला 'कठोर गुप्तहेरकथा' असा पर्याय योजता येईल. मात्र हे कठोरपण केवळ मारामारीचे वा रक्तपाताचे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ते दृष्टीचे आणि भाषेचेही कठोरपण आहे.

त्या काळी लोकप्रिय असलेल्या ब्रिटिश रहस्यकथेशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. त्या कथेत समाजव्यवस्था मूलतः निरोगी असते. खून हा तीत आलेला तात्पुरता बिघाड असतो. बुद्धिमान हेर कोडे सोडवतो, गुन्हेगार उघडा पडतो आणि व्यवस्था पूर्ववत होते. कठोर गुप्तहेरकथेने हे गृहीतकच नाकारले. तिच्यातील शहराला, पोलिसांना, न्यायालयाला, वृत्तपत्राला आणि राजकारणाला आधीच कीड लागलेली असते. खून हे त्या किडीचे केवळ एक लक्षण होय. साहजिकच खुनी सापडला तरी व्यवस्था शुद्ध होत नाही, कारण पूर्ववत व्हावी अशी निर्मळ स्थिती मुळात नव्हतीच.

पिंकर्टनमधील उमेदवारी

हॅमेटचा जन्म 27 मे 1894 रोजी मेरीलँड राज्यातील सेंट मेरीज परगण्यात झाला. घरच्या ओढगस्तीमुळे किशोरवयातच त्याचे शिक्षण सुटले. किरकोळ नोकऱ्या करीत तो 1915 मध्ये बाल्टिमोर येथे पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत दाखल झाला. त्याच्या पुढील सर्व लेखनाचे बीज या नोकरीत आहे.

पिंकर्टन ही संस्था 1850 च्या सुमारास शिकागोत स्थापन झाली. चोर-दरोडेखोरांचा माग काढणे एवढेच तिचे काम नव्हते. कारखानदार आणि खाणमालक यांच्या वतीने कामगार संघटनांत हेर घुसवणे आणि संप मोडून काढणे हाही तिच्या व्यवसायाचा मोठा भाग होता. 1892 मधील होमस्टेड येथील संपात तिच्या माणसांची कामगारांशी सशस्त्र चकमक झाली होती. म्हणजे हॅमेट ज्या व्यवसायाचे कौशल्य आत्मसात करीत होता, तो व्यवसाय सत्ता आणि पैसा यांच्या चाकरीत होता. माणसाचा पाठलाग कसा करावा, चेहरा कसा लक्षात ठेवावा, अहवाल नेमका आणि अलंकाररहित कसा लिहावा, हे त्याने येथे शिकून घेतले. कायद्याचे रक्षण आणि धनिकांचे रक्षण या दोन गोष्टी सदैव एक नसतात, हेही त्याने येथेच पाहिले.

या संदर्भात एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. माँटाना राज्यातील ब्यूट या खाणगावात 1 ऑगस्ट 1917 रोजी फ्रँक लिटल या कामगार नेत्याला जमावाने फासावर लटकवले. लिटलला ठार करण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ करण्यात आले होते, असे हॅमेटने सांगितल्याची आठवण लिलियन हेलमन हिने नोंदवली आहे. या आठवणीला स्वतंत्र पुरावा नाही आणि चरित्रकारांनी तिच्याविषयी शंकाही व्यक्त केली आहे. म्हणून तिच्यावर फार मोठी इमारत उभारणे योग्य ठरणार नाही. मात्र खाणगाव, संप आणि भाडोत्री बळ यांचे त्रिकूट हॅमेटच्या पहिल्याच कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे, हे पाहण्यासाठी या आठवणीची गरजही नाही.

1918 मध्ये हॅमेट सैन्यात दाखल झाला. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो आजारी पडला आणि पुढे त्याला क्षयाची बाधा झाली. रुग्णालयात भेटलेल्या जोझेफिन डोलन या परिचारिकेशी त्याने 1921 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे विवाह केला. खालावलेल्या प्रकृतीमुळे हेरगिरीची नोकरी सुटली. संसार तर चालवायचा होता. हॅमेट लेखनाकडे वळला तो असा, चरितार्थाच्या निकडीने.

'ब्लॅक मास्क' आणि अनामिक हेर

'ब्लॅक मास्क' हे मासिक एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी 1920 मध्ये सुरू केले, ते 'द स्मार्ट सेट' या आपल्या प्रतिष्ठित मासिकाचा तोटा भरून काढण्यासाठी. लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या हलक्या कागदावर निघणाऱ्या अशा मासिकांना 'पल्प' म्हणत. लेखकाला शब्दांच्या संख्येवर मोबदला मिळे. अशा व्यवस्थेत शब्द वाढवण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. हॅमेटने तो आवरला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

कठोर गुप्तहेराचा पहिला नमुना घडवण्याचे श्रेय कालानुक्रमे कॅरोल जॉन डॅली याच्याकडे जाते. पण डॅलीचा नायक बढाईखोर आणि पिस्तुलाच्या बळावर प्रश्न सोडवणारा आहे. ऑक्टोबर 1923 मध्ये हॅमेटने अवतीर्ण केलेला हेर याच्या अगदी उलट आहे. तो बुटका, जाडसर, चाळिशीच्या आसपासचा नोकरदार आहे. कॉन्टिनेंटल डिटेक्टिव्ह एजन्सीच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत तो काम करतो. दोन डझनांहून अधिक कथा आणि दोन कादंबऱ्या यांत निवेदन करूनही त्याचे नाव वाचकाला कधीच कळत नाही. समीक्षक त्याला 'कॉन्टिनेंटल ऑप' म्हणतात. 'ऑप' म्हणजे संस्थेचा कर्मचारी. त्याचे अनामिकत्व ही केवळ युक्ती नाही. व्यक्ती विरघळून काम तेवढे उरले आहे, हे त्यातून सूचित होते.

या कथांतील भाषेविषयी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. हॅमेटची तोकडी, क्रियापदांवर तोललेली वाक्ये हेमिंग्वेच्या अनुकरणातून आली, असे कधी कधी म्हटले जाते. हेमिंग्वेचा 'इन अवर टाइम' हा कथासंग्रह अमेरिकेत 1925 मध्ये आला. हॅमेटच्या हेराच्या कथा त्यापूर्वी दोन वर्षे प्रसिद्ध होत होत्या. तेव्हा एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे म्हणण्यापेक्षा, महायुद्धोत्तर पिढीला मोठ्या शब्दांविषयी वाटणारा अविश्वास दोघांनीही आपापल्या वाटेने व्यक्त केला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. एक वार्ताहराच्या बातमीतून आला, दुसरा हेराच्या अहवालातून.

'रेड हार्वेस्ट' : नगरीचे रोगनिदान

1926 मध्ये 'ब्लॅक मास्क'चे संपादकपद जोसेफ शॉ याच्याकडे आले आणि त्याने हॅमेटला दीर्घ लेखनास उद्युक्त केले. त्यातून मासिकात क्रमशः आलेली 'रेड हार्वेस्ट' ही कादंबरी 1929 मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपाने काढली. ती शॉ यालाच अर्पण केलेली आहे.

पर्सनव्हिल नावाच्या खाणनगरीत निवेदक एका वृत्तपत्रचालकाच्या बोलावण्यावरून येतो. भेट होण्यापूर्वीच त्या वृत्तपत्रचालकाचा खून होतो. मृताचा वृद्ध पिता हा खाणींचा, बँकेचा आणि वृत्तपत्रांचा, पर्यायाने सगळ्या गावाचा धनी आहे. कामगारांचा संप मोडण्यासाठी त्याने गुंड आणले. संप मोडला, पण गुंड गेले नाहीत. त्यांनी गावात आपापले वाटे पाडून घेतले. आता वृद्धाला आपले गाव परत हवे आहे. नावातील किंचित बदलाने रहिवासी आपल्या गावाला 'विषनगरी' म्हणतात, यातच लेखकाची भूमिका स्पष्ट होते.

पहिल्या खुनाचे कोडे कादंबरीच्या आरंभीच्या भागातच सुटते. रूढ रहस्यकथा येथे संपली असती. हॅमेटची कादंबरी खऱ्या अर्थाने येथे सुरू होते. निवेदक टोळ्यांना एकमेकींविरुद्ध भिडवतो आणि प्रेतांची रास पडत जाते. या संहारात आपल्यालाही गोडी वाटू लागली आहे, हे ध्यानात येताच निवेदक स्वतःच हादरतो. एका प्रसंगी गुंगीतून जागे झाल्यावर आपल्या हातात बर्फ फोडण्याचा टोच्या आहे आणि शेजारी एका स्त्रीचे प्रेत आहे, असे त्याला दिसते. तिचा खून आपणच केला की काय, हे काही काळ त्यालाही सांगता येत नाही. रोग बरा करण्यासाठी आलेल्या वैद्यालाच रोगाची बाधा व्हावी, तशी ही अवस्था आहे. अखेरीस लष्करी तुकड्या गावात येतात, गाव स्वच्छ होते आणि पुन्हा त्याच वृद्धाच्या हवाली केले जाते. ते पुन्हा नासणार, याविषयी निवेदकाला शंका नाही. हिंसा वरवरची असते, मालकी मात्र टिकून राहते, हे या कादंबरीचे निदान आहे. रंजनासाठी लिहिलेल्या मासिकात इतके कडू निदान छापले गेले, हे विशेष होय.

'द मॉल्टीज फाल्कन' : निवेदनातील मौन

1930 मध्ये पुस्तकरूपाने आलेली 'द मॉल्टीज फाल्कन' ही हॅमेटची सर्वांत ख्यातनाम कादंबरी. तिचे तंत्र 'रेड हार्वेस्ट'पेक्षा अगदी वेगळे आहे. येथे प्रथमपुरुषी निवेदक नाही. तृतीयपुरुषी निवेदन आहे, पण ते कोणत्याही पात्राच्या मनात शिरत नाही. सॅम स्पेड हा हेर काय करतो, काय बोलतो, त्याचा चेहरा कसा दिसतो, हे सर्व बारकाईने सांगितले जाते. तो काय विचार करतो, हे एकदाही सांगितले जात नाही. भागीदाराच्या खुनाची बातमी आल्यावर स्पेड बसून सिगारेट वळतो. तंबाखू पसरण्यापासून कागदाला ओल लावण्यापर्यंतची प्रत्येक हालचाल लेखक नोंदवतो. त्याला दुःख झाले की नाही, हे वाचकाने ठरवावयाचे असते.

या मौनाचा परिणाम नैतिक स्वरूपाचा आहे. स्पेड प्रामाणिक आहे की लोभी, ब्रिजिड या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे की तो तिला खेळवतो आहे, हे शेवटपर्यंत निश्चित होत नाही. रत्नजडित सुवर्णपक्ष्याच्या मूर्तीमागे सर्व पात्रे धावतात आणि ती मूर्ती शेवटी शिशाची निघते. स्पेड ब्रिजिडला पोलिसांच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो आपल्या निर्णयाची कारणे एकामागून एक मोजून दाखवतो. भागीदार मारला गेला तर स्वस्थ बसता येत नाही, हे त्यांतले एक. ही कारणे म्हणजे उदात्त तत्त्वे नव्हेत. व्यवसायाचे साधे दंडक आहेत. इतर सर्व मूल्यांनी दगा दिल्यावर माणसाच्या हाती जे उरते, ते एवढेच असते, असे हॅमेट सुचवतो. त्यानंतरच्या छोट्या प्रसंगात स्पेडची विश्वासू सचिव त्याच्यापासून अंग आखडून घेते. योग्य वागण्याचीही किंमत असते आणि तिच्या बदल्यात कौतुक मिळेलच असे नाही.

याच कादंबरीत स्पेड फ्लिटक्राफ्ट नावाच्या गृहस्थाची हकीकत सांगतो. मूळ कथानकाशी तिचा काहीही संबंध नाही. रस्त्याने चालताना बांधकामावरील तुळई अगदी शेजारी कोसळते आणि हा सुस्थिर संसारी माणूस जागच्या जागी सर्व सोडून निघून जातो. आयुष्य सुसंगत नसून निव्वळ योगायोगावर चालते, असे त्याला उमगलेले असते. काही वर्षांनी तो दुसऱ्या गावात सापडतो, तेव्हा त्याने पूर्वीसारखाच संसार पुन्हा थाटलेला असतो. तुळया कोसळतात म्हणून त्याने स्वतःला बदलले. त्या कोसळेनाशा झाल्यावर पुन्हा जुळवून घेतले. अस्तित्ववादी विचार सर्वत्र परिचित होण्यापूर्वी एका रहस्यकथेच्या मध्यावर ही बोधकथा यावी, हे या वाङ्मयप्रकाराला हलके मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

'द ग्लास की' आणि 'द थिन मॅन'

'द ग्लास की' (1931) या कादंबरीत व्यावसायिक हेरच नाही. शहराचे राजकारण मुठीत ठेवणाऱ्या पुढाऱ्याचा जुगारी मित्र नेड बोमाँट हा तिचा नायक. निवेदन त्याचा उल्लेख सतत पूर्ण नावाने करते. या औपचारिकतेमुळे वाचक त्याच्यापासून ठरावीक अंतरावरच राहतो. मैत्रीतील निष्ठा किती ताण सोसू शकते, हा या कादंबरीचा विषय आहे. 'द थिन मॅन' (1934) ही शेवटची कादंबरी तुलनेने हलकीफुलकी आहे. तीतील निक आणि नोरा या विनोदी, मद्यप्रिय दांपत्यावर त्याच वर्षी चित्रपट निघाला आणि त्याचे आणखी पाच भाग आले. शीर्षकातील 'कृश मनुष्य' हा वस्तुतः बेपत्ता झालेला संशोधक आहे. चित्रपटांच्या लोकप्रियतेने मात्र ते नाव हेरालाच चिकटले.

न लिहिण्याची वर्षे

'द थिन मॅन' नाटककार लिलियन हेलमन हिला अर्पण केलेली आहे. 1930 मध्ये झालेली त्यांची ओळख हॅमेटच्या मृत्यूपर्यंत टिकली. हेलमनच्या 'द चिल्ड्रन्स अवर' (1934) या नाटकाचे बीज हॅमेटने सुचवले होते. पण त्याचे स्वतःचे लेखन मात्र थांबले. मद्यपान, चित्रपटसृष्टीतील सहज पैसा, ढासळती प्रकृती ही कारणे सांगितली जातात आणि ती खरी आहेत. कठोर गुप्तहेरकथेत जे सांगावयाचे ते सांगून झाले होते आणि त्यापलीकडच्या कादंबरीची वाट सापडत नव्हती, हेही कारण संभवते. 'ट्युलिप' ही आत्मपर कादंबरी त्याने अखेरच्या दशकात आरंभली. ती अपुरीच राहिली.

लेखन थांबले तरी सार्वजनिक जीवन थांबले नाही. 1937 च्या सुमारास तो कम्युनिस्ट पक्षात आला. दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या 48 व्या वर्षी, क्षयाचे व्रण फुप्फुसात असतानाही तो साधा शिपाई म्हणून पुन्हा सैन्यात गेला आणि अल्यूशियन बेटांवरील अडाक येथे त्याने सैनिकांसाठी वृत्तपत्र चालवले. युद्धानंतर तो नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या सिव्हिल राइट्स काँग्रेस या संघटनेच्या जामीननिधीचा विश्वस्त होता. 1951 मध्ये या निधीतून जामीन मिळालेले काही कम्युनिस्ट नेते फरारी झाले. निधीला देणग्या कोणी दिल्या, त्यांची नावे सांग, असे न्यायालयाने हॅमेटला फर्मावले. त्याने नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि तिच्यापैकी सुमारे पाच महिने त्याने तुरुंगात काढले. त्यानंतर प्राप्तिकर खात्याची एक लाख डॉलरहून अधिक थकबाकी पुढे आली आणि उत्पन्नावर टाच आली. 1953 मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढे त्याला पाचारण करण्यात आले. साम्यवादाशी लढताना साम्यवादी लेखकांची पुस्तके तुम्ही वाटाल काय, अशा आशयाच्या प्रश्नावर त्याने, आपण साम्यवादाशी लढत असतो तर लोकांना कोणतीच पुस्तके दिली नसती, असे उत्तर दिले. 10 जानेवारी 1961 रोजी न्यूयॉर्क येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. दोन्ही महायुद्धांतील सैनिक या नात्याने आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

निवेदनातील मौन, लेखकाचे मौन आणि साक्षीदाराचे मौन या तिन्ही गोष्टी एका सूत्रात ओवण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो आवरला पाहिजे. निवेदनातील मौन ही कलादृष्टीने केलेली निवड होती. तिने वाचकावर निर्णयाची जबाबदारी टाकली. साक्षीदाराचे मौन ही नैतिक निवड होती. तिने इतरांना वाचवले आणि तिची किंमत त्याने स्वतः मोजली. लेखकाचे मौन ही मात्र निवड नव्हती. तो लिहू पाहत होता आणि लिहिणे जमत नव्हते. त्या अपयशाला व्रताचे रूप देणे म्हणजे हॅमेटने आयुष्यभर टाळलेली भावविवशता त्याच्याच चरित्रावर लादणे होय.

वारसा

रेमंड चँडलर याने 1944 मध्ये लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, खून शोभेच्या वस्तूंतून काढून गल्लीबोळात, जेथे तो प्रत्यक्षात होतो तेथे, आणून ठेवण्याचे श्रेय हॅमेटला दिले. चँडलर आणि त्याच्यामागून रॉस मॅकडोनल्ड यांनी हा वारसा पुढे नेला. मात्र चँडलरने हेराला एक प्रकारचे शूर सरदाराचे तेज दिले, जे हॅमेटने कटाक्षाने नाकारले होते. 1941 मध्ये जॉन ह्यूस्टन याने 'द मॉल्टीज फाल्कन'वर काढलेल्या आणि हम्फ्री बोगार्टने गाजवलेल्या चित्रपटाने 'फिल्म न्वार' या चित्रप्रवाहाला चालना दिली. पुढे सारा पॅरेट्स्की हिने स्त्री हेर आणि वॉल्टर मोस्ली याने कृष्णवर्णीय हेर निर्माण करून या परंपरेला जणू प्रतिप्रश्न केले. या प्रतिप्रश्नांची गरज होती. हॅमेटच्या कथांतील स्त्री बहुधा पुरुषाला मोहात पाडून फसवणारी असते आणि चिनी वा समलिंगी पात्रांच्या चित्रणात त्या काळचे पूर्वग्रह उघड दिसतात. समाजाची कीड उघडी करणारी दृष्टीही आपल्या काळाच्या सर्व मर्यादा ओलांडू शकत नाही, ही बाब नोंदवणे अगत्याचे आहे.

मराठीचा विचार करता, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड यांसारख्या नायकांनी वाचकांच्या पिढ्या घडवल्या. परंतु मराठी रहस्यकथेचा कल साहसी, अद्भुताकडे झुकणाऱ्या ब्रिटिश वळणाकडे अधिक राहिला. महानगरातील गल्लीबोळ, तेथील रांगडी बोली आणि निर्विकार निवेदन मराठीत आले ते रहस्यकथेतून नव्हे, तर भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'सारख्या लेखनातून. अमेरिकेत या दोन वाटा एका लेखकात मिळाल्या. मराठीत त्या बहुतांशी समांतर राहिल्या. याची कारणे शोधणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

समारोप

हॅमेटने रहस्यकथेला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी तिच्यात बाहेरून काही आणले नाही. हेराचा अहवाल, मासिकाची शब्दमर्यादा, खून आणि शोध हा ठरलेला साचा, हीच त्याची सामग्री होती. तिच्यातून त्याने सत्ता, मालकी, निष्ठा आणि योगायोग यांविषयीचे आपले आकलन व्यक्त केले. म्हणूनच वाङ्मयप्रकारांची उच्च-नीच अशी उतरंड आधी ठरवून मग लेखकाला तीत बसवण्याची पद्धत त्याच्या बाबतीत अपुरी ठरते. समीक्षेने प्रथम साहित्यकृती वाचावी आणि मग तिचे स्थान ठरवावे, ही अपेक्षा साधी आहे. रहस्यकथेच्या वाट्याला मात्र ती आपल्याकडे क्वचितच आली.